पद घ्यायचं तर घे, पण आधी हे वाच

प्रिय सानू,

तुझा मेसेज वाचला. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण म्हटलं नीट बसून लिहावं, फोनवर तू मला बोलू कुठे देतेस. तर गुडघ्याने आता बस म्हटलंय, ज्युदोच्या स्पर्धा संपल्या, आणि ज्युदो संघटनेचे लोक मागे लागलेत की कार्यकारिणीत या. माझं म्हणाल तर जा. फक्त कशासाठी बोलावतायत ते ओळखून जा. निम्मं आमंत्रण तुझ्या मेडलला आहे, बॅनरवर फोटो बरा दिसतो म्हणून, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, सगळीकडे हेच चालतं.

तुझा लाडका यामाशिता घे, जपानचा ज्युदोपटू. सलग २०३ लढती न हरलेला माणूस. १९८० ला जपानने मॉस्कोवर बहिष्कार टाकला म्हणून ऑलिंपिक हुकलं, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पोटरी दुखावलेली असताना फायनलमध्ये इजिप्तच्या रश्वानला दाबून धरून गोल्ड घेतलं, आणि पोडियमवर चढताना त्याच रश्वानने त्याला हात दिला. त्या व्हिडिओवर तू लहानपणी किती वेळा रिवाइंड मारलंस ते मला माहितीये. पण त्याच्या पुढची गोष्ट कोणी बघत नाही. हा माणूस २०१७ ला जपानच्या ज्युदो फेडरेशनचा अध्यक्ष झाला, २०१९ ला तिथल्या ऑलिंपिक समितीचा, आणि त्याच वर्षी समितीच्या बोर्डाच्या मीटिंगमध्ये पत्रकारांना बसू देणं बंद केलं. मोकळेपणाने चर्चा होत नाही असं कारण दिलं. असेलही. पण मला विचारशील तर दार लावून घेतलं की आतल्यांना मोकळं वाटतं आणि बाहेरच्यांना संशय येतो, आणि खेळाडू तर बाहेरच उभे असतात ना.

त्याच्या आधीचं प्रकरण तर फारच बोलकं आहे. जपानच्या महिला टीमच्या मुख्य कोचने मुलींना मारहाण केली, शिवीगाळ केली. एकीची तक्रार फेडरेशनपर्यंत पोचली, कोचला समज दिली आणि त्यालाच पदावर ठेवलं. मग २०१२ च्या शेवटी १५ जणींनी थेट ऑलिंपिक समितीला पत्र दिलं, बातमी फुटली, २०१३ ला कोच गेला आणि काही महिन्यांनी अध्यक्षही गेले. आता गंमत बघ, (गंमत म्हणजे काय, दुर्दैवच) ते अध्यक्ष कुणी बाबू नव्हते, १९७६ च्या मॉन्ट्रियलचे गोल्ड मेडलिस्ट होते. म्हणजे मॅटवर घाम गाळलेला माणूस खुर्चीत होता तरी त्या पोरींचं ऐकू आलं नाही. खेळाडूच खेळाडूंचं बघेल हे जे सगळे म्हणतात ना, ते इतकं आपोआप होत नाही. उलट मार खाऊन मोठा झालेला माणूस कधीकधी म्हणतो आम्ही नाही का सोसलं.

मला खरी नेता वाटते ती रस्टी कानोकोगी, न्यूयॉर्कची ज्युदोपटू. १९५९ ला पुरुषांच्या टीममधला एक जण जखमी झाला म्हणून ही छातीला घट्ट पट्टी बांधून त्याच्या जागी उतरली, लढत जिंकली, मेडलही मिळालं, आणि मग कुणीतरी विचारलं तू मुलगी आहेस का. मेडल परत घेतलं. रडारड करून घरी बसली असती तर कुणी नाव घेतलं नसतं. तिने काय केलं, १९८० ला महिलांची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप स्वतःच भरवली, घर गहाण टाकून. त्यानंतरही ऑलिंपिकवाले ऐकेनात, कोर्टात जाते म्हणून धमकावलं, १९८८ ला सोलमध्ये महिलांचं ज्युदो प्रदर्शनी म्हणून घेतलं आणि १९९२ ला बार्सिलोनात एकदाचं खरं मेडल. मोज किती वर्षं झाली ती. तुला सवय आहे चार मिनिटांत इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण, लागला की निकाल, इथे एका पत्राचं उत्तर यायला हंगाम उलटतो, आणि तुझा स्वभाव बघता हेच तुला सगळ्यात जड जाणार आहे. तिचं ते काढून घेतलेलं मेडल तिला २००९ मध्ये परत दिलं, त्याच वर्षी ती गेली.

म्हणून सांगतो, सुरुवातीला स्टेजवरची खुर्ची घेऊ नकोस, वजनाच्या टेबलावर बस. ओठ सुकलेली, वजन उतरवायला दोन जॅकेट घालून धावून आलेली पोर काट्यावर चढते, दोनशे ग्रॅम जास्त भरतात, आणि टेबलामागचा माणूस मान वर न करता "नेक्स्ट" म्हणतो. तू ती पोर होतीस. आता टेबलामागे बसून बघ, तिचा कोच काय म्हणतो, तिच्यासोबत कोण आलंय, पाणी कधी प्यायलीये. कुणाची लढत कुणाशी, तो ड्रॉ कसा काढतात ते समजून घे, रेफ्रींचा कोर्स कर, हिशेबाची फाईल वाचायला शीक, कारण बाहेर काढायचं असेल तर आधी हिशेब न कळणाऱ्यालाच काढतात. हारतुरे होतील, भाषणं होतील, ती उरकून टाक.

मीटिंगच्या आधी संघटनेची घटना मागवून घे, आणि त्यात बघ की सिलेक्शन करणाऱ्या माणसाविरुद्धच तक्रार असेल तर मुलीने जायचं कुणाकडे. नसेल लिहिलेलं तर पहिल्याच मीटिंगला तेवढंच विचार, आणि उत्तर मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहून घ्यायला लाव, नंतर "असं बोलणं झालंच नव्हतं" म्हणतात. आणि फिजिओकडे जाणं चुकवू नकोस, गुडघा आता स्पर्धेसाठी नाही, जिने चढण्यासाठी लागणार आहे.

तुझा,
बाबा