बायबल आधी कानांनी पोचलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुद्रणकलेच्या इतिहासावरचा लेख आवडीनं वाचला. पण ‘छापखाना येईपर्यंत सामान्य ख्रिस्ती माणसाला बायबल ठाऊकच नव्हतं’ हे त्यातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी वसईची. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत वाचन करते, नव्या वाचकांची तयारीही करून घेते. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

मध्ययुगात युरोपातल्या खेड्यापाड्यांत लॅटिन न कळणाऱ्या भाविकांची अडचण झाली, हे खरंच आहे. पण तेच चित्र पहिल्या तीनशे वर्षांना लावणं चूक. त्या काळी बहुतेक लोक निरक्षर होते आणि हातानं नकललेला ग्रंथ महाग होता. तरीही शास्त्र, म्हणजे बायबलमधलं लिखाण, त्यांच्या परिचयाचं होतं, कारण ते मंडळीपुढे, म्हणजे जमलेल्या ख्रिस्ती समाजापुढे, मोठ्यानं वाचलं जाई, आणि तेही लोकांना कळणाऱ्या भाषेत. बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या नावानं कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सरळ सूचनाच आहे की हे पत्र तुमच्याकडे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि तिकडचं पत्र तुम्ही वाचा. पुढे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांची पत्रं मागितली, तेव्हा स्मुर्णा शहराचा बिशप पॉलिकार्प यानं आपल्याजवळ होती तेवढी सगळी आपल्या पत्राला जोडून धाडली. असं गावोगावी फिरतच हे लिखाण जमत गेलं. इ. स. २०० च्या सुमाराची पौलाच्या पत्रांची पपायरसवरची एक वही आजही आहे. मूळच्या १०४ पानांपैकी ८६ उरली आहेत, काही डब्लिनला तर काही अमेरिकेत मिशिगनला. गुंडाळी सोडून पानांची वही वापरायची सवय ख्रिस्ती लोकांनी फार लवकर उचलली.

रोममध्ये १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे. शहरातले आणि आसपासच्या गावांतले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात, वाचक थांबला की मग प्रमुख उपदेश करतो. ‘वेळ असेल तोवर’ हे मला फार भावतं. आमच्याकडे वाचन लांबलं तर माणसं चुळबुळ करायला लागतात.

आणि वाचणं सोपं नव्हतं. ग्रीक हस्तलिखितात शब्द एकमेकांना चिकटून येतात, मध्ये जागा नाही, विरामचिन्हं जवळपास नाहीतच. आयत्या वेळी उभं राहून ते वाचता येणार नाही. कुठे तोडायचं, कुठे श्वास घ्यायचा हे आधी बसवावंच लागणार. मी शिकवते त्या मुलामुलींना पेन्सिलीनं विरामाच्या रेघा मारायला लावते, तेव्हा या लोकांची मेहनत माझ्या डोळ्यांपुढे येते.

अशा वाचकाचं मंडळीत काय स्थान होतं, ते उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहराच्या सरकारी नोंदीत दिसतं. आजच्या अल्जीरियातलं हे कॉन्स्टंटाइन. सम्राट डायोक्लेशियननं ३०३ मध्ये ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. १९ मे रोजी नगराचे अधिकारी मंडळी जमत असे त्या घरात शिरले. चांदीची भांडी, दिवे, गरिबांसाठी ठेवलेले कपडे, चपला, सगळ्याची यादी झाली. ग्रंथ मात्र एकच निघाला. बाकीचे कुठे, असं विचारल्यावर बिशप म्हणाले की ते वाचकांकडे असतात. वाचकांची नावं सांगा म्हटल्यावर चर्चच्या दोघा उपसेवकांनी (बिशपच्या हाताखालच्या सेवकांनी), आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा, असं उत्तर दिलं आणि ते कैदेत गेले. मग दुसऱ्यांनी घरं दाखवली आणि अधिकारी दारोदार फिरले. कुणाकडे चार ग्रंथ मिळाले, कुणाकडे पाच, कुणाकडे आठ. एक वाचक घरी नव्हता, त्याच्या बायकोनं सहा आणून दिले. तरीही घराची झडती झालीच. शाळामास्तर असलेल्या एकाकडे तर सुट्या पानांचे गठ्ठेही सापडले. म्हणजे मंडळीचं शास्त्र वाचकांच्या घरी, त्यांच्या चुलीभांड्यांबरोबर राहत होतं.

त्याच छळात मारल्या गेलेल्या जॉन नावाच्या अंध इजिप्शियनाबद्दल चर्चचा इतिहासकार युसेबियस यानं लिहिलं आहे. गर्दीत दूरवरून आवाज ऐकून युसेबियसला वाटलं की कुणी ग्रंथ वाचतंय. जवळ जाऊन बघतो तर सगळे डोळस लोक भोवती उभे, आणि हा आंधळा जॉन पाठ म्हणतोय! ग्रंथच्या ग्रंथ त्याला मुखोद्गत होते. युसेबियसचे गुरू, कैसरियाचे पाम्फिलस, शास्त्राच्या प्रती तयार ठेवत आणि मागणाऱ्याला वाचायलाच नव्हे तर कायमच्या देऊनही टाकत. वाचनाची ओढ असलेल्या बायकांनाही. स्त्री म्हणून हे वाचताना मला विशेष आनंद झाला.

आपल्याकडेही फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, तरी ते ओवीबद्ध लिहिलेलं आहे. ओवी म्हणायची आणि ऐकायची असते, हे मराठी वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

लेखमालेच्या पुढच्या भागात या वाचकांची आणि नकला करणाऱ्यांची दखल घ्यावी, ही आपल्याला विनंती. आणि आपला पेपर वाचणाऱ्या सर्व धर्मगुरूंनाही एक विनंती आहे: रविवारी वाचन कोण करणार हे मिस्सेच्या घंटेला ठरवू नका. निदान चार दिवस आधी उतारा त्या माणसाच्या हातात द्या.

आपली,
चर्चमधील एक वाचक, वसई