पुण्याला जे सांगतो तेच धाराशिवला सांगू का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या पाण्यावर आपल्या पेपरात दरवर्षी पत्रं येतात, मी ती सगळी वाचतो, आणि यावेळी स्वतः लिहायला बसलो कारण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे आणि ती फक्त पाण्यापुरती नाहीये.

पावसाळा सुरू झाला की आपला अख्खा जिल्हा दौंडचा विसर्ग, म्हणजे पुण्याकडनं भीमेतनं उजनीत येणारं पाणी, बघत बसतो. सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सअपवर किती क्युसेक आलं, उजनी मायनसमधनं प्लसमध्ये कधी येणार, हेच चालू असतं. पुण्याकडच्या धरणांनी पाणी अडवलं की आपण म्हणतो, नदी काही त्यांच्या एकट्याच्या मालकीची नाही, वरच्यानं खालच्याला पाणी सोडलंच पाहिजे. बरोबर आहे, मलाही पटतं. पण कृष्णा-मराठवाडा प्रकल्पाचा विषय निघाला, उजनीतनं धाराशिव-बीडकडं पाणी न्यायचं म्हटलं की तेच लोक, अगदी तीच माणसं म्हणतात की आधी आमचं भागू दे, उरलं तर बघू. म्हणजे पुणेकर आपल्याला जे उत्तर देतात तेच आपण पुढं सरकवतो. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी नाशिक-नगरकडनं पाणी सोडायचा वाद पेटला की परत आपण टीव्हीसमोर बसून मराठवाड्याची बाजू घेतो, कारण तिथं आपलं काही जात नाही.

२०२१ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरसाठी उजनीतनं ५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उचलायचं ठरलं तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. सगळा जिल्हा रस्त्यावर आला आणि शेवटी तो आदेश रद्द झाला. मीही तेव्हा विरोधातच होतो आणि आजही मला तो विरोध चुकीचा वाटत नाही. पण इंदापूरवाल्यांचं एक म्हणणं होतं त्याला नीट उत्तर दिलेलं मी तरी कुठं वाचलं नाही, की धरणात जमिनी आमच्या गेल्या, गावं आमची बुडाली, मग पाण्यावर पहिला हक्क कुणाचा. धरणग्रस्तांचा पहिला हक्क हा मुद्दा आपल्याच करमाळ्याचा माणूस बोलतो तेव्हा आपण माना डोलावतो. इंदापूरच्या माणसाच्या तोंडात तोच मुद्दा आला की राजकारण झालं.

आता कुणी म्हणेल की पुण्याची गोष्ट वेगळी आणि धाराशिवची वेगळी. असेल ना, मी कुठं नाही म्हणतो? पण मग काय वेगळं आहे ते सांगा की, आणि मोठ्यानं सांगा. एक जण म्हणाला, त्यांचं खोरं वेगळं. धाराशिव-बीडचा बराच भाग गोदावरी खोऱ्यात जातो हे खरं, पण परंडा, आष्टी हा भाग सीनेचा, आणि सीना हत्तरसंग कुडलला आपल्याच भीमेला मिळते, म्हणजे तेवढ्या भागाला तरी हे उत्तर चालत नाही. दुसरा म्हणतो, उजनीतच पाणी कुठंय. हे जास्त खरं आहे. उजनीची क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, पण त्यातलं ६३ च्या वर तळाचा मृतसाठा, उपयुक्त म्हणजे ५३-५४ टीएमसीच, आणि उन्हाळ्यात आपण त्या मृतसाठ्यातनंच पाणी काढतो म्हणून तर मायनस हा शब्द इथं शाळकरी पोरांनाही माहितीय. ठीक. मग पुढचा प्रश्न, हे ५३ टीएमसी जातं कुठं? इथं आलं की सगळे गप्प होतात, कारण उत्तर उसाशी येऊन थांबतं. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण बसतो आणि शहरात मात्र नळाला काही दिवसांआड पाणी. वर शहराच्या पिण्यासाठी नदीतनं, जिथनं शहराला पाणी उचलतात त्या औज बंधाऱ्यापर्यंत, पाणी सोडायचं तर प्रत्यक्ष लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त सोडावं लागत आलंय, वाटेत किती मुरतं, किती उडतं, किती मोटारी चालतात हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच की खरी चर्चा इथं सुरू होते. पुणे आणि धाराशिव यांच्यातला फरक सांगायला गेलो तेव्हा ऊस आणि पिण्याचं पाणी हा विषय निघाला, नाहीतर अजून वीस वर्षं आपण वरचा-खालचा करत बसलो असतो. मुद्दा एका वादातनं उचलून दुसऱ्या वादात वापरणं यात वाईट काहीच नाही, उलट न्याय म्हणतात तो असाच होतो, जे एकाला लावलं ते दुसऱ्यालाही लागलं पाहिजे. वाईट हे की आपण मुद्दा नेतो पण ज्या गोष्टींमुळं तो पहिल्या ठिकाणी खरा ठरला होता त्या गोष्टी मागंच ठेवून येतो.

पोटावर पाय हा आपल्या गावातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा मुद्दा. विडीच्या पाकिटावर ८५ टक्के भागात धोक्याचं चित्र छापायचा नियम २०१६ ला आला तेव्हा हा मुद्दा निघाला, आणि सोलापूर शहराच्या पूर्व भागात जाऊन बघितलं तर तो खोटा म्हणता येत नाही. घरोघरी बायका पान-तंबाखू आणून सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, हजार विड्यांमागं मजुरी, आयुष्यभर हेच काम केलेलं, वय झालेलं, दुसरं काम मिळणार नाही आणि तंबाखूची धूळ पण त्यांच्याच छातीत जाते. तिथं पोटावर पाय म्हणजे खरोखर पोटावर पाय आहे. मग हाच मुद्दा, विमानांना अडथळा म्हणून पाडायची ठरलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीला लावला गेला. शेतकरी सभासद आहेत, कामगार आहेत, चिमणी पडली की गाळपाचं काय होणार, आणि दुसरी बाजू म्हणत होती की विमानसेवा नाही म्हणून उद्योग येत नाहीत आणि आमची पोरं पुण्याला जातात, हा पण पोटाचाच मुद्दा. १५ जून २०२३ ला चिमणी पडली. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. मला त्यात कोण बरोबर कोण चूक हे आत्ता उकरायचं नाही. मला आठवतं ते एवढंच की दोन्हीकडचे लोक पोट-पोट म्हणत होते आणि किती जणांचं, किती दिवसांसाठी, त्यांना दुसरं काय करता येईल हे विचारणारा माणूस दोघांनाही शत्रू वाटत होता.

आणि आता तोच मुद्दा डीजेवाले वापरतात. आमचं कर्ज आहे, सिस्टीम हप्त्यावर घेतली, बंदी आणली तर खायचं काय. त्या पोरांबद्दल मला राग नाही, कर्ज खरं आहे. पण विडीवाल्या बाईचं काम आणि हे काम एका पारड्यात टाकायचं तर तिच्या कामानं शेजारच्या घरातलं तान्हं बाळ दचकून उठत नाही, हृदयाचा पेशंट खिडक्या लावून छातीला हात धरून बसत नाही. डीजेवाल्याला मंडप, लाइट, लग्नाची साधी साऊंड सिस्टीम अशी जवळची कामं आहेत, साठीतल्या बाईला नाहीत. हा फरक आहे आणि तो तोलूनच ठरवायला पाहिजे. नुसता पोटाचा शब्द काढला की समोरच्यानं गप्प बसायचं असं कसं चालेल.

डीजेवर अजून एक बोललं जातं ते तर मला फार छळतं, वर्षातनं एकदाच असतं की हो. कुठल्याही मंडळाला विचारा, प्रत्येकाचं एकदाच असतं आणि प्रत्येक जण खरंच बोलतो. पण उत्सव, जयंत्या, वराती, निवडणुकीचे निकाल, सगळ्यांचं एकदाच-एकदाच मिळून मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचं वर्ष भरतं. हा मुद्दा एकेकट्याच्या तोंडी खरा आणि सगळ्यांच्या तोंडी मिळून खोटा, असे मुद्दे फार घातक असतात कारण बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय असं कधी वाटतच नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, ठराविक दिवशी बारापर्यंत सूट. त्यांच्या मिरवणुकीत चालला मग आमच्यात का नाही, हा प्रश्न प्रत्येक समाज दुसऱ्या समाजाकडं बोट दाखवून विचारतो आणि प्रश्न रास्त आहे, पण त्याचं सरळ उत्तर त्यांच्यातही नको हे आहे, आमच्यातही वाजू दे हे नाही. ज्या गावात लेझीम एवढी सुंदर खेळली जाते त्या गावाला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

कायद्यानं काही होत नाही, प्रबोधन करा, हाही असाच फिरता मुद्दा. डीजेवर कडक कारवाई करा म्हणणारा माणूस हेल्मेटसक्ती आली की म्हणतो आधी जनजागृती करा. हा मुद्दा आजचा नाही. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यावेळी, मुलींचं संमतीचं वय दहाचं बारा करायचं एवढ्यासाठी, टिळकांसारख्या माणसानं विरोध केला, सरकारनं यात पडू नये, समाज शिकून आपणहून सुधारेल म्हणून, आणि आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. सव्वाशे वर्षांनी जादूटोणाविरोधी कायद्यावेळी तेच ऐकलं, आधीचे कायदे पुरेसे आहेत, प्रबोधनानं होईल. दाभोलकर आयुष्यभर प्रबोधनच करत होते आणि तरी त्यांना कायदा हवा होता. त्यांचा खून झाल्यावर २०१३ मध्ये तो आला. टिळकांच्या मुद्द्यात परकं सरकार ही एक गोष्ट होती जिला तेव्हा वजन होतं, २०१३ ला सरकार आपलंच होतं, ती गोष्ट उरली नव्हती. तरी मुद्दा तसाच वापरला गेला.

आधी पाणी द्या मग विमान उडवा, हे तर सोलापुरात घरटी ऐकू येतं. माणसाचा संताप मला कळतो, बादल्या भरून ठेवणाऱ्या घरातलाच मी आहे. पण आधी हे मग ते हा मुद्दा तेव्हाच लागू पडतो जेव्हा दोन्हीचा पैसा एका खिशातनं जातो किंवा काम करणारी माणसं तीच असतात. विमानतळ केंद्राच्या प्राधिकरणाचा, नळाचं पाणी महापालिकेचं. विमान बंद केल्यानं नळाला एक तास जास्त पाणी येणार नाही. उलट उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी का रखडली हे ज्यांना विचारायला पाहिजे ते यात सुटतात.

परंपरेचा मुद्दा पण बघा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, तिच्यातल्या नंदीध्वजांना शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि ती जपली पाहिजे असं मी मनापासून म्हणतो. पंढरपूरला अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना विठ्ठलाच्या देवळात जाऊ द्यायचं नाही हीसुद्धा शेकडो वर्षांचीच परंपरा होती, त्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी बसावं लागलं. वर्षं दोन्हीकडं भरपूर, त्यावरनं काहीच ठरलं नाही, एकीत सगळे जोडले जातात आणि दुसरीनं माणसं दाराबाहेर ठेवली होती त्यावरनं ठरलं.

आता एक धोका सांगतो, कारण हे पत्र वाचून काही जण लगेच दुसऱ्याला पकडायला धावतील, तू तिकडं असं बोललास आणि इकडं असं बोलतोस. पकडा, पण त्यानं फक्त त्या माणसाचं दोन्हीकडचं बोलणं जुळत नाहीये एवढं कळतं, मुद्दा खोटा ठरत नाही. स्वतः विडी ओढणारा बाप पोराला ओढू नको म्हणाला तर सल्ला चुकीचा होत नाही. पुणेकर म्हणाले की तुम्ही तरी मराठवाड्याला कुठं पाणी देता, तर त्यानं त्यांचं पाणी अडवणं बरोबर ठरत नाही. आजकाल चर्चा म्हणजे एवढंच उरलंय, समोरच्याचं जुनं काढून दाखवायचं आणि पाणी, आवाज, पोट जिथल्या तिथं सोडून निघून जायचं.

उजनीबद्दल माझं मत सांगून टाकतो म्हणजे मी नुसता दुसऱ्यांना शिकवतोय असं नको व्हायला. पुण्यानं खाली पाणी सोडलं पाहिजे हे मी म्हणतो आणि म्हणूनच सीनाकाठच्या परंडा-आष्टीच्या लोकांना पिण्यापुरतं पाणी नाकारायचा हक्क आपल्याला नाही असंही मला म्हणावं लागतं, आवडत नसलं तरी. शेतीच्या पाण्याचं वेगळं आहे, तिथं आधी आपल्याकडचा ऊस पाटानं भिजवायचा बंद होऊन ठिबकवर यायला पाहिजे आणि मग हिशोब मांडायला पाहिजे. माझ्या नात्यातलेच ऊसवाले हे वाचून चिडणार आहेत. त्यांनी आणि ज्यांना पटत नाही त्या सगळ्यांनी याच पानावर लिहावं, फक्त पुण्याकडं पाणी मागणारा आपला मुद्दा परंड्याच्या माणसाला का लागू होत नाही एवढं एक त्यात सांगावं, आणि संपादक साहेब, अशी पत्रं आली तर जागा कमी असली तरी ती छापावीत ही विनंती.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर