पेन घ्यायला मागे फिरले तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या पुरवणीत आपण चर्चची रोषणाई, गोठ्याचा देखावा आणि केक यांबद्दल आपुलकीने छापलेत. पुढच्या आठवड्यात पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारले, ‘ख्रिस्ती माणसे नेहमी म्हणतात, प्रभूने मला मार्ग दाखवला. म्हणजे नेमके काय होते? आवाज येतो, की स्वप्न पडते?’ प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेतलेले नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयात नर्सिंग शिकले आणि नगर जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत चौतीस वर्षे सिस्टर म्हणून नोकरी केली. आता वय अडुसष्ट. सांगते आहे ते सगळे वॉर्डातले आणि घरातले आहे.

मला आवाज कधीच आलेला नाही. स्वप्ने पडतात, पण ती बहुतेक ड्युटीची असतात.

१९८८ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रपाळीला पूर्ण वॉर्डाला मी एकटी आणि सोबत एक मावशी. साडेबाराला एक बाई बाळंत झाली. पहिलटकरीण, विशीच्या आतली. सगळे नीट झाले होते, वारही पूर्ण पडली होती. दोनच्या राउंडला मी तिची नाडी पाहिली, केसपेपरवर वेळ टाकली. ती घरून आणलेले घोंगडे गळ्यापर्यंत ओढून पडली होती. टेबलाशी येऊन रिपोर्ट लिहायला बसले तर पेन नाही. टेबलावर पेन्सिल होती. रिपोर्ट पेन्सिलने लिहायचा नसतो, पण कच्चा लिहून सकाळी पक्का करायचा, असे आम्ही सगळ्याच कधी ना कधी करत होतो. पाय भरून आले होते. तरी उठले आणि पेन शोधायला मागे गेले.

पेन तिच्या खाटेजवळच्या लॉकरवर होते. ते उचलायला वाकले आणि तिचे ओठ दिसले. कागदासारखे पांढरे. मघाशी मला वाटले होते ती झोपली आहे. पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय नारळासारखे टणक लागायला हवे, ते मळलेल्या कणकेसारखे मऊ होते. घोंगडे बाजूला केले तर गादी भिजून खाटेखाली थेंब पडत होते. एका हाताने पोट चोळत मी मावशींना हाक मारली. डॉक्टर क्वार्टरमधून अनवाणी पळत आले. रक्तस्राव थांबवणाऱ्या मेथर्जिनचे इंजेक्शन, दोन्ही हातांना सलाइन, आणि माझा हात तिच्या पोटावरून पाऊण तास उचलला नाही. पहाटे नाडी जाग्यावर आली. सहाच्या सुमारास तिने विचारले, ‘‘बाळाला पाजू का?’’

ते पेन देवाने मला विसरायला लावले का? सिद्ध करून दाखवा म्हणाल तर मला जमणार नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘सिस्टर, वेळेवर लक्ष गेलं.’’ ते खरेच होते. मी मात्र नळाखाली हात धुताना रडले आणि ‘प्रभू, तू होतास’ एवढेच म्हणाले. मिरजेला आमच्या एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी आम्हा मुलींना सवय लावली होती की एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे, आणि साबण लावता लावता पुढच्या रुग्णाचे नाव देवापुढे घ्यायचे. माझी आयुष्यातली निम्म्याहून जास्त प्रार्थना अशी नळाखाली झाली आहे. त्या सवयीमुळेच मी पेन्सिलीवर भागवले नसेल, असे मला आज वाटते. काम मनापासून करण्याची जी ओढ लागते, तिच्यातच देव धरून ठेवतो, हा माझा अनुभव.

पण एवढेच लिहून थांबले तर खोटे होईल. काही वर्षांनी, गॅस्ट्रोची साथ होती तेव्हा, पाच वर्षांची एक मुलगी आली. गावाहून जीप मिळेपर्यंत उशीर झाला होता. डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. शीर सापडेना. डॉक्टरांनी प्रयत्न केला, मी केला, घोट्याजवळ केला. पावणेचारला ती गेली. त्या रात्रीही मी प्रत्येक वेळी हात धुताना तिचे नाव घेतले होते.

तिची आई रडली नाही. मला म्हणाली, ‘‘बाई, फणी आहे का?’’ माझ्या पर्समध्ये होती. तिला हात चालवता येईनात, म्हणून मी केस विंचरले. दोन वेण्या घातल्या. आईने पदराच्या गाठीतून लाल रिबीन काढून दिली.

त्या रात्री मला मागे का फिरवले नाहीस, हे मी देवाला विचारले. अजूनही विचारते. उत्तर मिळालेले नाही. वधस्तंभावर प्रभू येशूने स्वतः विचारले होते, ‘‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’’ म्हणून हा प्रश्न विचारताना मला अविश्वासू असल्यासारखे वाटत नाही. साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव सर्वांपुढे सांगताना, फक्त पेनाची रात्र सांगायची आणि फणीची लपवायची, असे आमच्या प्रार्थनासभांत कधी कधी होते, आणि मला ते पटत नाही. दोन्ही रात्री एकाच वॉर्डातल्या, एकाच देवासमोरच्या.

आता मार्गदर्शनाबद्दल. इथे मला माझी मोठी चूक सांगावी लागेल.

१९९३ साली आखातात नर्सना चांगला पगार मिळतो म्हणून माझ्या काही मैत्रिणी गेल्या. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला दमा. मुलगी तीन वर्षांची. नवरा एसटीत कंडक्टर. जावे की न जावे, ठरेना. एका रात्री मी डोळे मिटून बायबल उघडले आणि बोट ठेवले. बोट पडले उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायावर, जिथे देव अब्रामाला सांगतो, आपला देश, आपले नातेवाईक सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. अंगावर काटा आला. यापेक्षा स्पष्ट काय हवे, असे वाटले.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा एक म्हाताऱ्या बायबलबाई होत्या. खांद्याला झोळी लावून वाड्यावस्त्यांवर पायी फिरून वचन सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मी आनंदाने त्यांना सांगायला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘पुढचं वाचलंस का? अब्राम एकटा नाही गेला. बायको सारायला घेऊन गेला, पुतण्या लोटाला घेऊन गेला, घरची सगळी माणसं घेऊन गेला. तू कुणाला विचारलंस? पोराच्या छातीला विचारलंस का?’’ मला राग आला. म्हातारीचा विश्वास कमी पडतो, असे मनात म्हणून मी उठून आले.

आईच्या पाटल्या मोडल्या, सोसायटीचे कर्ज काढले आणि मुंबईतल्या एका एजंटाला पैसे दिले. व्हिसा आणायला गेले त्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप होते. जिन्यावर माझ्यासारख्या सात-आठ जणी बसलेल्या होत्या.

तीन महिने मी उपासनेत बसत होते, पण गीत गायला तोंड उघडत नव्हते. देवाने मला फसवले असे वाटत होते. खरे तर मी देवाला विचारलेच नव्हते. मला जायचेच होते आणि त्यावर त्याची सही हवी होती. वचन समोर होते, पण मी त्यातला मला हवा तेवढाच तुकडा फाडून घेतला. कर्ज फिटायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत माझ्या नवऱ्याने पाटल्यांचा विषय एकदाही काढला नाही. रात्री ड्युटीवरून आला की तिकिटांची पेटी खुंटीला लावायचा, हातपाय धुवायचा आणि ताटावर बसून रोजचीच प्रार्थना करायचा, ‘‘प्रभू, या अन्नाबद्दल आणि घरातल्या सगळ्यांबद्दल तुझे उपकार.’’ ‘घरातल्या सगळ्यांबद्दल’ म्हणताना त्याचा आवाज कधी बदलला नाही. मी ज्या देवाला शोधायला आखातात निघाले होते तो माझ्या ताटासमोर बसलेला होता, हे मला त्या माणसाच्या गप्प राहण्याने कळले. नवरा जाऊन आता नऊ वर्षे झाली.

म्हणून आमच्या मंडळीतली मुले मोबाइलवर आलेले ‘आजचे वचन’ दाखवून विचारतात, ‘‘आंटी, देव मला हेच सांगतोय ना?’’, तेव्हा मी त्यांना आधी तो पूर्ण अध्याय वाचायला लावते. मग विचारते, ज्यांच्या पोटापाण्याशी याचा संबंध आहे त्यांना विचारलेस का? जी वाणी तुझ्या पदरात घातलेल्या माणसांना बाजूला सारायला सांगते, तिची घाई करू नको. एक-दोघांना माझे बोलणे थंड वाटते. बायबलबाईंचे मलाही तसेच वाटले होते.

बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला नर्स म्हणून फार जवळची आहे. तो जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देव त्याला लगेच उपदेश करत नाही. आधी झोपू देतो, मग देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, आणि पुन्हा झोपू देतो. दोन वेळा खाऊ घातल्यावर मग होरेब डोंगर. तिथे वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो, आणि त्यांत कशातच परमेश्वर नसतो. नंतर जी हळू वाणी येते ती विचारते, ‘‘एलीया, तू येथे काय करत आहेस?’’ पुढे त्याला आल्या वाटेने परत पाठवले जाते, कामावर. मी ही कथा शंभरदा तरी वाचली असेल. त्या वाणीने आधी प्रश्न विचारला, याचे मला दर वेळी नवल वाटते. रात्रपाळीत खुर्चीत डोळा लागायचा तेव्हा दचकून उठताना हाच प्रश्न कानात असायचा: तू इथे काय करते आहेस?

माझी आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात वाढली. १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी ती एक. चार-पाच वर्षांची होती, आईबापांची नावेही तिला आठवत नव्हती. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते छापायचे काम तिथल्याच बायका-मुली करत होत्या. मोठी झाल्यावर आजी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसायची. १९७२च्या दुष्काळात, मी पंधरा वर्षांची असताना, आम्ही रांगेत उभे राहून मिलो, म्हणजे रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, आणत होतो. ‘देव कुठे आहे’ असे मी चिडून म्हणाले तेव्हा तिने ओट्यावर बोटाने ‘क’ उलटा काढला. म्हणाली, ‘‘खिळा हातात असतो तेव्हा असा दिसतो. दिवसभर उलटी अक्षरं बघून माझे डोळे दुखायचे. काय जुळवतेय ते कळायचं नाही, नुसतं समोरच्या कागदावर बघून एकेक खिळा लावायचा. संध्याकाळी ठसा निघाला की वाचायचे.’’ एवढे बोलून ती भाकरी थापायला लागली. त्याच वर्षी ती गेली.

त्या वाचकांना कदाचित याहून ठोस उत्तर हवे असेल. माझ्याकडे आहे ते आजचे सांगते. मुलगा पिंपरीला राहतो. घर विकून त्याच्याकडे यावे असे तो वर्षभर म्हणतो आहे, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही. रोज पहाटे पाचला उठून मी शास्त्रपाठ वाचते आणि हा विषय देवापुढे ठेवते. मुलीला विचारले, पाळकसाहेबांना विचारले, डॉक्टरांना गुडघे दाखवले. अजून ठरलेले नाही.

शेजारी एक माळकरी आजोबा आहेत, सत्तरीच्या पुढचे. मधुमेहाने त्यांच्या पायाला जखम झाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग सांगितले, आणि ते मी करते. सात वाजता जाते तेव्हा ते पाय धुऊन, पाटावर स्वच्छ फडके अंथरून बसलेले असतात. त्यांचा हरिपाठ चालू असतो, मी साबणाने हात धुताना त्यांचे नाव घेते. दिवाळीत जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती आणि कडा काळ्या होत्या. काल कडा गुलाबी दिसल्या आणि मधला भाग हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला आहे. ती भरेपर्यंत मी इथे आहे, एवढे मला आजच्यापुरते कळले आहे. पिंपरीचे त्यानंतर पुन्हा विचारीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
नेवासा तालुका, जि. अहिल्यानगर