विज्ञानकथेचा परिसंवाद वाचकांच्या हाती द्यावा

महोदय,

साहित्य संमेलनातील परिसंवादांना श्रोते मिळत नाहीत, ही तक्रार मांडव उतरला की दरवर्षी ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा वाचकांच्या उदासीनतेवर फुटते. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी गेली ऐंशीहून अधिक वर्षे चालवलेल्या वर्ल्डकॉन या संमेलनाची रीत पाहिली, तर दोष वाचकांचा नसून परिसंवादाच्या घडणीचा असावा असे वाटते.

पहिले वर्ल्डकॉन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरले. जेमतेम दोनशे माणसे जमली होती आणि त्यांत पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला एकोणीस वर्षांचा आयझॅक आसिमॉव्ह होता. त्याची पहिली कथा त्याच वर्षी छापून आली होती, त्यामुळे तो तेथे लेखक म्हणून गेला होता की चाहता म्हणून, हे ठरवणे अवघड आहे. मला तर ते ठरवण्याची गरजच वाटत नाही, कारण या संमेलनाचे मर्म त्या संदिग्धतेतच आहे. महायुद्धाची चार वर्षे वगळता ते दरवर्षी, बहुधा वेगळ्या शहरात, बिनपगारी स्वयंसेवकांच्या बळावर भरत आले आहे. सन्माननीय अतिथी सोडले, तर परिसंवादात बोलणारा लेखकही साधारणपणे इतरांसारखेच शुल्क भरून सभासद होतो. विज्ञानकथेसाठी १९५३ पासून दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांसाठी मतदान करतात तेही हेच सभासद. तारे-तारकांच्या दर्शनासाठी भरणाऱ्या कॉमिक कॉनच्या जत्रेशी याची गल्लत करू नये.

असा परिसंवाद साधारण तासाभराचा असतो. चार-पाच जण एका टेबलाशी बसतात, त्यांतलाच एक जण सूत्रे सांभाळतो, आणि शेवटचा बराच वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखलेला असतो. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात केली, तर ते उघडपणे असभ्य मानले जाते. त्याला बोलायचे असते ते दूरच्या ग्रहावरील शेतीविषयी, कल्पित भाषांच्या व्याकरणाविषयी, नाहीतर मृत्यूनंतर कोणाच्या कथा टिकल्या आणि का, याविषयी. त्याच्या शेजारी एखादी ग्रंथपाल, एखादा अभियंता किंवा चाळीस वर्षे केवळ वाचन केलेला चाहता बसलेला असतो आणि त्याच्या मताला लेखकाच्या मताइतकाच मान असतो. समोरचा श्रोता लेखकाचा मुद्दा चुकीचा असल्याचे सांगतो, पुरावा देतो, आणि लेखकालाही ते ऐकून घ्यावे लागते. याखेरीज एका लेखकाभोवती आठ-दहा वाचकांनी आधी नावे नोंदवून गप्पांना बसण्याची सोय असते. आपल्याकडे लेखकाशी असा निवांत संवाद साधायचा, तर त्याच्या घरी जाण्यावाचून गत्यंतर नसते.

हे चित्र आदर्श आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दारातून कोणाला आत घ्यायचे आणि टेबलाशी कोणाला बसवायचे, हे भांडण या संमेलनाइतकेच जुने आहे; १९३९ मध्येच आसिमॉव्हच्या मित्रमंडळींपैकी काहींना आयोजकांनी प्रवेश नाकारला होता. २०१८ मध्ये सॅन होजेच्या संमेलनाचा कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा पुरस्कारांच्या अंतिम यादीतील अनेक नव्या लेखकांना त्यात पुरेसे स्थान नसल्याचे उघड झाले. नाराजी इतकी वाढली की आयोजकांनी जाहीर माफी मागितली आणि लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांच्या मदतीने, हाती महिनाही उरलेला नसताना, सारा कार्यक्रम पुन्हा रचला. २०२५ मध्ये सिॲटलच्या आयोजकांनी परिसंवादासाठी आलेल्या तेराशेहून अधिक इच्छुकांची पूर्वपीठिका तपासताना चॅटजीपीटीचा वापर केल्याचे कळले. ज्यांचे लेखन विनापरवाना वापरून अशी यंत्रे घडवल्याचा आक्षेप आहे, त्याच लेखकांची पारख यंत्राकडून करून घेतली, यावर वादळ उठले. ह्यूगो पुरस्कारांचे काम पाहणाऱ्या काही पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, एका लेखकाने पुरस्काराचे नामांकन परत केले आणि आयोजकांनी तपासणी नव्याने करण्याचे मान्य केले. आपल्याकडे परिसंवादात अमुक का आणि तमुक का नाही, हे विचारण्याची सोय कोणाला आहे?

लेखकाच्या सहभागाचे वजन कशासाठी वापरता येते, याचेही एक उदाहरण ध्यानात घ्यावे. छळवणुकीच्या तक्रारी वाढल्यावर जॉन स्काल्झी या कादंबरीकाराने २०१३ मध्ये जाहीर केले की ज्या संमेलनात छळविरोधी नियम स्पष्टपणे जाहीर केलेले नसतील, तेथे आपण जाणार नाही. अनेकांनी त्याला साथ दिली. पुढे व्हीलचेअर वापरणाऱ्यांना व्यासपीठावर चढण्यासाठी उतार हवा, असाही आग्रह लेखकांनी धरला. आपल्या संमेलनांतील पुरुषभर उंचीची व्यासपीठे आणि त्यांच्या अरुंद, डुगडुगत्या पायऱ्या पाहिल्या की तो आग्रह आपल्याकडे किती उशिरा पोहोचतो आहे हे कळते.

मराठी विज्ञानकथेचा विचार केला, तर लेखकाची ओळख आजवर स्पर्धेतून आणि दिवाळी अंकांतून झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिले पारितोषिक मिळवले. परीक्षकांनी खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीला नव्हे, तर कथेलाच कौल दिला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह पुढे नेला. मात्र या सगळ्यांत लेखक आणि वाचक यांच्यामध्ये परीक्षक किंवा संपादक उभा राहिला. दोघे समोरासमोर बसून वाद घालतील, असे ठिकाण क्वचितच झाले. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा ही उणीव भरून निघेल अशी आशा होती, परंतु प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत. मे २०२५ मध्ये ते गेले.

म्हणून माझी सूचना अशी, की विज्ञान परिषदेने अथवा एखाद्या महाविद्यालयाने केवळ विज्ञानकथा आणि अद्भुतकथेसाठी दोन दिवसांचा छोटा मेळावा भरवावा. उद्घाटनाचे भाषण, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय समारोप यांना रजा द्यावी. विषय आणि वक्ते वाचकांकडून आधी लेखी मागवावेत, आलेल्या सर्व सूचना उघड ठेवाव्यात आणि निवड कोणी केली हेही जाहीर करावे. प्रत्येक टेबलाशी किमान एक जण असा असावा, ज्याने एकही कथा लिहिलेली नाही पण पुष्कळ वाचलेल्या आहेत. लेखकांनी मानधनाऐवजी प्रतिनिधी शुल्क भरून यावे, ही अट काहींना बोचेल. गावाहून स्वखर्चाने येणाऱ्या नवोदितांना ती जाचकही ठरेल, म्हणून त्यांच्या प्रवासाची सोय जमलेल्या शुल्कातून व्हावी. सूत्रसंचालक मात्र असा निवडावा, ज्याला ज्येष्ठ लेखकाचे लांबलेले भाषण मध्येच थांबवायला संकोच वाटणार नाही.

आपला,
एक विज्ञानकथावाचक, नाशिक