टोळीचा हिशेब

कोपरखैरणे, रविवार

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस आणि मी नुसता हं हं करत होतो. मला चटकन बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय. तुझी तक्रार अशी: टीममधला तो मुलगा हळू, ती नवी मुलगी मीटिंगमध्ये गप्प, ओढायचं तू आणि रेटिंग सगळ्यांना सारखं.

वर त्या फ्रेंच संशोधक रिंगेलमानचा प्रयोग ऐकवलास. दोघांनी दोरी ओढली की माणशी जोर एकट्याच्या 93 टक्के, आठ जण झाले की 49. 1913 साली छापलंय म्हणालीस. उरलेला सगळा अंगचोरपणा, असं तुझं मत. सगळा नाही गं. आठ जणांचा हिसका एका वेळी बसला नाही तर कुणी कामचुकार नसतानाही जोर वाया जातो.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आमची बारा हमालांची टोळी. गाडीत दोघे गोणी पाठीवर देणार, बाकीचे वाहणार, दोघे थप्पी लावणार. मजुरी माथाडी बोर्डात जमा आणि हजेरीप्रमाणे सारखी वाटणी. मी पाटणहून आलेला, अंगात रग. माझ्या दोन खेपा होईपर्यंत 'मास्तर'ची एक. सातवी शिकलेला म्हणून ते नाव. हा माझ्या जिवावर खातो, असं मला वाटायचं.

एका पहाटे मी बटाट्याच्या गोण्या पळतच आणून टाकत सुटलो. थप्पीवाल्याला उसंत मिळेना. थर आडवे-उभे अडकवायचे सोडून त्याने दोन थर तसेच रचले आणि थप्पी सुटली. एकाच्या पायावर गोणी पडली, नखं काळी पडली, तीन दिवस खाडा. त्या तीन दिवसांचे त्याचे पैसे बुडाले, माझे नाही. हे अजून सलतं.

मुकादम मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी थप्पीवर उभं केलं, बस्स. तिथून मास्तर दिसला. फाटकी गोणी तो आधीच बाजूला काढायचा. गोणीचं तोंड कुठे आहे ते सांगून टाकायचा. नव्या पोराला दम लागला की स्वतःच चाल कमी करायचा, पोराला लाज वाटू नये म्हणून. उलट आमच्यातला एक जण ताकदीला माझ्याहून वरचढ, पण तोंडाने कडू. तो पाळीत असला की "थांब, गोणी फाटलीय" एवढंही कुणी बोलायचं नाही.

कामचोर नसतात असं नाही म्हणत. एक जण चहाला गेला की अर्धा तास गायब. मुकादमांनी भिंतीवर खडूने ज्याच्या त्याच्या खेपांच्या रेघा मारायला घेतल्या. चार दिवसांत गडी सरळ.

म्हणून आधी काम कसलं ते बघ. दोरी असेल तर सगळ्यांच्या जोराची बेरीज होते. थप्पी असेल तर ती किती टिकणार ते सगळ्यात कच्चा थर ठरवतो. आणि कुठे दडलेली चूक शोधायची असेल तर एक हुशार डोकं पुरतं, पण इतरांनी त्याचं ऐकलं पाहिजे. ते डोकं दर वेळी तुझंच असेल कशावरून? त्या गप्प मुलीला काय दिसतंय, विचारलंस का कधी?

आईने लसणाची चटणी केलीय. शेजारचा मुलगा शुक्रवारी पुण्याला येतोय, हिंजवडीला आणून देईल. त्याला फोन करायला लावू नकोस, खाली जाऊन घे.

तुझे,
अप्पा