जर्मनीचा निकाल : बातमीच्या तळाशी राहिलेले आकडे

मा. संपादक,

जर्मनीत 23 फेब्रुवारी 2025 रोजी झालेल्या निवडणुकीबद्दल आपल्याकडे जे लिहून येते, त्यात ‘एएफडी’ या अतिउजव्या पक्षाची मुसंडी आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते मेर्त्स विरुद्ध ट्रम्प यापलीकडे फारसे काही नसते. अमेरिका-युरोप संबंधांत बर्लिन किती जोर लावू शकेल, हे ठरवणारे आकडे बातमीच्या तळाशीच राहतात.

बुंडेस्टागच्या (जर्मन संसदेच्या) जागा आता 630 ठरवून दिल्या आहेत, बहुमताला 316 लागतात. ख्रिश्चन डेमोक्रॅट व त्यांचा बव्हेरियातील जोडीदार पक्ष यांना 208 आणि सोशल डेमोक्रॅटना 120 जागा मिळाल्या. बेरीज 328, म्हणजे जेमतेम बारा जास्त. तेही सारा वागेनक्नेश्त यांचा पक्ष संसदेत शिरायला लागणाऱ्या पाच टक्के मतांच्या उंबरठ्यावर अडखळला म्हणून. त्यांना 4.98 टक्के मते पडली; उंबरठा गाठायला आणखी दहा हजार मतेसुद्धा लागली नसती. ती मिळाली असती तर जागांची वाटणी बदलून या दोन पक्षांचे बहुमत गेले असते आणि तिसरा भागीदार शोधावा लागला असता. काठावरचे बहुमत काय असते ते 6 मे रोजी दिसलेच. चॅन्सेलर निवडीच्या संसदेतील मतदानात पहिल्या फेरीत मेर्त्स यांना 310 मते पडली आणि ते पडले. दुसऱ्या फेरीत 325 मिळवून ते चॅन्सेलर झाले. युद्धोत्तर जर्मनीत असे पूर्वी कधी घडले नव्हते.

खरी मेख दोन तृतीयांशाची आहे. घटनादुरुस्तीला 420 मते हवीत. ‘एएफडी’चे 152 आणि डाव्या पक्षाचे 64 मिळून 216 होतात. हे दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी ‘नाही’ म्हटले तरी दुरुस्ती अडते. संरक्षणावर मोठा खर्च करायचा, तर 2009 पासून घटनेत असलेली कर्जमर्यादा (केंद्र सरकारचे वर्षाचे नवे कर्ज जीडीपीच्या 0.35 टक्क्यांपर्यंतच) सैल करणे भाग होते. म्हणून मेर्त्स यांनी मावळत्या सभागृहाचा आधार घेतला. निवडणुकीनंतर नवी संसद 30 दिवसांत भरावी लागते आणि ती भरेपर्यंत जुनीचे अधिकार कायम राहतात. 18 मार्चला जुन्या संसदेने 513 विरुद्ध 207 मतांनी दुरुस्ती केली, 25 मार्चला नवी बसली. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षणखर्च आता मर्यादेबाहेर आहे. सोबतच्या 500 अब्ज युरोंच्या पायाभूत सुविधा निधीतले 100 अब्ज हवामानासाठी राखून घेतल्यावरच ग्रीन पक्षाने पाठिंबा दिला. सगळे कायद्यात बसणारे होते. पण प्रचारात कर्जमर्यादेचे गोडवे गायचे आणि निकालानंतर महिन्याभरात ती वाकवायची, याला मतदारांनी काय म्हणावे?

निकालाच्या रात्री मेर्त्स यांनी अमेरिकेपासून टप्प्याटप्प्याने स्वतंत्र होण्याची भाषा केली. जर्मन-अमेरिकी मैत्रीसाठी काम करणाऱ्या ‘अटलांटिक ब्रुके’ या संस्थेचे ते दहा वर्षे अध्यक्ष होते, म्हणून त्या वाक्याला वजन आले. आठवडाभर आधीच म्युनिकमध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी युरोपीय नेत्यांना खडे बोल सुनावले होते आणि ‘एएफडी’च्या वायडेल यांची भेटही घेतली होती.

आता खरेदीची यादी पाहा. ब्युखेल हवाई तळावरील टोर्नाडो लढाऊ विमानांच्या जागी अमेरिकी बनावटीची 35 एफ-35 विमाने येणार. तिथले अणुबॉम्ब अमेरिकेचे, त्यामुळे विमानही अमेरिकेची मान्यता असलेलेच लागते. जड वाहतुकीसाठी 60 चिनूक हेलिकॉप्टर. हवाई संरक्षणाला पॅट्रियट क्षेपणास्त्रे. सुटे भाग, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण यातले बरेचसे समुद्रापलीकडून. म्हणजे स्वातंत्र्यासाठी काढलेल्या पैशातला काही वाटा पुढची काही वर्षे अमेरिकी कंपन्यांकडेच जाणार आणि या बाबतीत तरी अवलंबित्व लगेच कमी होणार नाही. शिवाय 2.5 कोटी युरोंवरचा प्रत्येक संरक्षण करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे जातो. पैसा मंजूर झाला म्हणजे रणगाडा दारात आला असे होत नाही. लिथुआनियात कायमची ब्रिगेड उभी करायची आहे, तिथे पैशाइतकीच माणसांचीही वानवा आहे. अमेरिकेचे सुमारे 35 हजार सैनिक जर्मनीत आहेत, रामस्टाइनसारखा तळ आहे. ते ठेवायचे की काढायचे याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होतो.

व्यापारात तर चॅन्सेलरच्या हाती सहीसुद्धा नाही. आयातशुल्काच्या वाटाघाटी ब्रसेल्समधला युरोपीय आयोग करतो. 27 जुलै 2025 रोजी स्कॉटलंडमधील टर्नबेरीत 15 टक्क्यांवर समझोता झाला तो आयोगाच्या अध्यक्षा फॉन डेर लायन आणि ट्रम्प यांच्यात. मोटारींवरचा 27.5 टक्क्यांचा बोजा उतरला, पोलादावर 50 टक्के कायम राहिले. आपल्या चाकण पट्ट्यातून जर्मन मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांनी म्हणूनच बर्लिनपेक्षा ब्रसेल्सच्या घोषणांकडे लक्ष ठेवलेले बरे.

आपल्या वृत्तपत्राने एक तारीख मात्र आतापासून टिपून ठेवावी. संरक्षणखर्च जीडीपीच्या 3.5 टक्क्यांवर नेण्यासाठी जर्मनीने 2029 हे वर्ष धरले आहे. त्याच वर्षी 20 जानेवारीला अमेरिकेत नवा अध्यक्ष शपथ घेईल आणि संसद मुदतीपूर्वी विसर्जित झाली नाही, तर मार्च संपण्याआधी जर्मनीत पुन्हा मतदान होईल.

एक वाचक, पुणे