शुद्ध हरपल्यानंतरचे ठोसे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात क्रीडा पानावर पिंजऱ्यातल्या लढतीचा, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळे चालणाऱ्या ‘एमएमए’चा, भला मोठा फोटो होता. एक जण पाठीवर पडलेला, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. दुसरा त्याच्या छातीवर बसून मूठ उगारतोय. मथळा ‘थरारक विजय’. पडलेल्याचे पुढे काय झाले, याबद्दल बातमीत चकार शब्द नव्हता. म्हणून हे पत्र.

या खेळाचे समर्थक नेहमी सांगतात की आता तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. ते खोटे नाही. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या अशा लढती भरवणाऱ्या कंपनीची पहिली स्पर्धा झाली, तीच मुळी ‘नियम नाहीत’ अशी जाहिरात करून. पहिल्याच लढतीत खाली पडलेल्या सुमो मल्लाच्या तोंडावर लाथ बसली आणि त्याचा दात पिंजऱ्याबाहेर उडाला. पुढे सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे धाडली. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये घातलेली बंदी २०१६ पर्यंत टिकली. मधल्या काळात वजनगट आले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या, डोळ्यांत बोटे घालणे, चावणे, डोक्याने ढुशी देणे निषिद्ध ठरले. पण खाली पडलेल्या माणसाच्या डोक्यावर ठोसे मारण्याची मुभा राहिली ती राहिलीच. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

टोरांटोच्या संशोधकांनी यूएफसीच्या लढतींच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. त्यांचा लेख २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ठोशाने माणूस गारद होतो, तो बसल्यापासून पंच लढत थांबवेपर्यंत सरासरी साडेतीन सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात हरलेल्याच्या डोक्यावर सरासरी २.६ फटके आणखी पडतात. म्हणजे हात वर करून तोंड झाकायचीही शुद्ध नसलेल्या माणसाला दोन-तीन ठोसे जादा. यात नियमभंग कुठेच नाही. पंच येऊन मागे ओढेपर्यंत मारत राहायचे, हेच तर लढवय्याला शिकवलेले असते. बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला की दुसऱ्याला कोपऱ्यात जावे लागते आणि पंच आकडे मोजू लागतो. इथे माणूस पडला की खरी मारहाण सुरू होते. हातातले चार औंसांचे ग्लोव्हज वाचवतात ते मारणाऱ्याच्या बोटांची हाडे, समोरच्याचे डोके नव्हे.

बॉक्सिंग तरी कुठे सोवळे आहे, असे कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. कॅनडातल्या आल्बर्टामधील एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या लढवय्यांना जखमा जास्त झाल्याचे, पण शुद्ध हरपण्याचे प्रमाण बॉक्सरांमध्ये अधिक असल्याचे आढळले होते. म्हणून काय, दोन वाईटांतले एक माफ करायचे? शिवाय वजनगटात बसण्यासाठी लढतीआधी शरीरातले पाणी घटवण्याचा अघोरी प्रकार दोन्हीकडे चालतो. त्यापायी २०१५ मध्ये चीनचा यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा तरुण पिंजऱ्यात पाऊल टाकण्याआधीच गेला. २०१६ मध्ये डब्लिनला लढत हरल्यावर जुआंव कार्व्हाल्यो या पोर्तुगीज खेळाडूची प्रकृती थोड्याच वेळात बिघडली आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. तो २८ वर्षांचा होता.

‘दोघे सज्ञान आहेत, राजीखुशीने उतरतात’ हे तर ठरलेले उत्तर. उतरोत बापडे. पण प्रेक्षागारात काय चालते, तेही एकदा ऐकावे. दोघे चटईवर एकमेकांना जखडून पकड सोडवण्याची धडपड करतात, तेव्हा या खेळातले सगळ्यात अवघड कसब पणाला लागलेले असते. आणि नेमकी तेव्हाच हुर्यो उडवली जाते. पंचही मग ‘हालचाल करा’ म्हणून बजावतो, नाहीतर दोघांना उठवून उभे करतो. लोकांना काय हवे, हे आयोजकांनी पुरते ओळखले आहे. चित्तथरारक कामगिरीसाठी रात्रीचे खास बक्षीस यूएफसीत कितीतरी वर्षे ५० हजार डॉलर होते. ज्याची कमाई तुटपुंजी, तो गुणांवर जिंकण्यात समाधान कसे मानील? २००१ मध्ये २० लाख डॉलरना विकली गेलेली ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली. ही किंमत वाढवली ती आपल्यासारख्या बघ्यांनीच.

या खेळावर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही; चोरून भरवलेल्या लढतींना ना डॉक्टर असतो, ना पंच. मात्र जमिनीवर पडलेल्याच्या डोक्यावर मारणे बंद केले तर खेळ बुडणार नाही. पकडी, सांधे जखडणारी कुलुपे, फेकी सगळे शाबूत राहील. तिकिटे कमी खपतील, ही आयोजकांची अडचण.

आपल्याकडे मागणे एवढेच. लढतीनंतर हरलेल्याला रुग्णालयात न्यावे लागले का, वैद्यकीय कारणास्तव त्याला किती दिवस खेळायला मनाई झाली, हेही छापत जा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या लढतींबाबत ही मनाई जाहीर होते, त्यामुळे माहिती मिळवणे अवघड नाही. जागेची अडचण असेल तर फोटो थोडा लहान करावा.

आपला,
एक नियमित वाचक